वारा-उन्हाच्या धंद्यात उतरताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सौर प्रकल्पाच्या साइटवर भर उन्हाळे काढूनही तुझा उत्साह टिकून आहे, हे वाचून बरं वाटलं. ‘मला या क्षेत्रात नुसती नोकरी करायची नाही, कंपनी चालवायची आहे’ असं तू आडपडदा न ठेवता लिहिलंस, ते सगळ्यात आवडलं. एमबीए करू, की परदेशात जाऊन बॅटरीचं तंत्रज्ञान शिकू, की आहे तिथेच वर चढत राहू, असं तू विचारतेस. त्याचं उत्तर देतो, पण शेवटी. आधी या धंद्याचा गाभा तुझ्यापुढे मांडू दे. तो कळला की तुझे निम्मे प्रश्न तूच सोडवशील.

औष्णिक केंद्राचा मालक कोळसा महिन्याच्या महिन्याला घेतो. मागणी घटली की कमी घेतो. भाव वाढला तर तो बोजा बहुतेक वेळा करारानुसार वीज घेणाऱ्यावर जातो. पवनचक्की किंवा सौर प्रकल्प उभारणाऱ्याला ही सोय नाही. पंचवीस वर्षांच्या विजेचा जवळजवळ सगळा खर्च त्याला वीज तयार होण्याआधीच करावा लागतो. कोरडवाहू शेतकरी विहीर खणतो तेव्हा असंच होतं. पाणी लागायच्या आधी कर्ज झालेलं असतं, आणि पाणी लागल्यावर ते फुकट असलं तरी सोसायटीचा हप्ता फुकट नसतो.

आकडे घेऊन बघ. समजा, एक मेगावॅटचा सौर प्रकल्प चार कोटींत उभा राहिला. त्यात सत्तर टक्के, म्हणजे 2.80 कोटी कर्ज, मुदत 18 वर्षं. वर्षाला साधारण 16.6 लाख युनिट वीज मिळते असं धर. व्याज 9 टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे 32 लाख बसतो. तेच व्याज 11 टक्के झालं की 36 लाखांच्या वर जातो. म्हणजे युनिटमागे साधारण 26 पैशांचा फरक. पॅनेल तेच, ऊन तेच, माणसं तीच. ज्या लिलावात सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याला प्रकल्प मिळतो आणि एका पैशासाठी तो हातचा जातो, तिथे 26 पैसे म्हणजे सगळा खेळच बदलला.

म्हणून माझं ठाम मत असं आहे, की या धंद्यात पुढारपण करणं म्हणजे पैसा स्वस्त करणं. आणि पैसा गोड बोलून स्वस्त होत नाही. बँक जोखीम बघून व्याज लावते. जमिनीवर उद्या कोणी दावा सांगेल का, वीजवाहिनी वेळेवर जोडली जाईल का, यंत्र सांगितलेली वीज देईल का, वीज घेणारा बिल वेळेवर भरेल का. यातली एकेक शंका तू खऱ्या अर्थानं मिटवलीस, कागदावर रंगवून नव्हे, की व्याज उतरतं, दर उतरतो आणि प्रकल्प उभा राहतो. मेगावॅटचे आकडे त्यानंतर येतात.

मला माहीत असलेलं याचं सगळ्यात देखणं उदाहरण मध्य प्रदेशातल्या रीवाचं आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या 750 मेगावॅटच्या सौर पार्कसाठी बोली लागली. अडीचशे-अडीचशे मेगावॅटचे तीन भाग होते. बोली तीसहून अधिक तास चालली आणि पहिल्या वर्षाचा दर 2 रुपये 97 पैशांवर आला. तोवर देशात तीन रुपयांच्या खाली कोणी गेलं नव्हतं. पॅनेलच्या किमती त्या काळात उतरत होत्याच, पण त्या सगळ्यांसाठीच उतरत होत्या. रीवाचं वेगळेपण करारात होतं. जमीन आणि वाहिनीची व्यवस्था पार्ककडून. ग्रिडच्या दोषामुळे वीज घेता आली नाही तर उत्पादकाला भरपाई. वितरण कंपनीनं बिल थकवलं तर आधी राखीव निधीतून पैसे, आणि त्यामागे राज्य सरकारची हमी. विजेचा एक हिस्सा दिल्ली मेट्रोसारखा खात्रीचा ग्राहक घेणार. बोली लावणाऱ्यांच्या बँकांना झोप लागेल असा तो कागद होता. ज्या अधिकाऱ्यांनी आणि सल्लागारांनी तो तयार केला, त्यांना मी या क्षेत्रातले मोठे अभियंते मानतो. त्यांनी एकही पॅनेल बसवलं नाही, तरीही.

आता पुण्याच्या सुझलॉन या पवनचक्की कंपनीचे संस्थापक तुलसी तांती यांच्याकडे वळतो. पुण्यात राहून या धंद्यात यायचं तर त्यांची कारकीर्द नीट अभ्यासायलाच हवी. फोटो भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, आणि दोष काढण्यासाठीही नव्हे.

तांती राजकोटचे, 1958 सालचा जन्म. सुरतेत त्यांचा कापडाचा धंदा होता. विजेचं बिल नफा खात होतं आणि एवढं बिल भरूनही वीज भरवशाची नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. घेताना त्यांना कळलं की यंत्र विकणारे यंत्र विकून निघून जातात. पुढची देखभाल, सुटे भाग, वीज मंडळाशी झगडा, सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. 1995 मध्ये त्यांनी सुझलॉन काढली ती ही अडचण डोळ्यापुढे ठेवून. वारा मोजणं, जमीन मिळवणं, परवानग्या, उभारणी, ग्रिडला जोडणं आणि पुढच्या वर्षांची देखभाल, सगळं एका छताखाली. घेणाऱ्यानं फक्त पैसे गुंतवायचे.

कल्पना साधी वाटते, पण तिची ताकद बघ. त्या काळी पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळायचा, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा करता यायची. त्यामुळे गिराईक होता तो कर वाचवू पाहणारा कारखानदार. त्याला वाऱ्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तांतींनी त्या माणसाची प्रत्येक शंका स्वतःच्या अंगावर घेतली, आणि त्याचाच मोबदला घेतला. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर तू गेली असशील. ठोसेघरला जाताना दिसणारी ती रांगच्या रांग त्याच काळाची साक्ष आहे. बजाज ऑटोसारख्या दुचाकी बनवणाऱ्या कंपनीच्या पवनचक्क्या वनकुसवड्याला उभ्या राहिल्या त्या अशाच धोरणामुळे. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे, सांगलीत ढालगावच्या बाजूला, नगरला सुप्याजवळ हेच चित्र.

त्या घसाऱ्याला मात्र दुसरी बाजू होती. सवलत यंत्र बसवण्यावर होती, वीज बनवण्यावर नव्हती. 31 मार्चच्या आत चक्की उभी राहिली की काम झालं. पुढे 2009 मध्ये सरकारनं युनिटमागे 50 पैसे प्रोत्साहन देणारी योजना आणली, तेव्हा कुठे विजेला मोल आलं. 2012 मध्ये दोन्ही सवलती एकदम थांबल्या आणि बाजार बसला. घसारा 2014 मध्ये परत आला. हा इतिहास सांगतो तो एवढ्यासाठी, की सवलतीवर उभा राहिलेला धंदा दुसऱ्याच्या ओसरीवर राहतो. सवलत जरूर घे, नाकारू नकोस. पण तुझ्या हिशोबाच्या वहीत एक पान असं ठेव, ज्यावर सवलत शून्य आहे. त्या पानावरही कंपनी जिवंत राहत असेल तर पुढे जा.

2005 मध्ये सुझलॉन शेअर बाजारात आली आणि तांती देशातल्या मोठ्या श्रीमंतांत गणले जाऊ लागले. 2006 मध्ये त्यांनी बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी 465 दशलक्ष युरोंना घेतली. 2007 मध्ये जर्मनीच्या रीपॉवरसाठी फ्रान्सच्या अरेवाशी बोलीत टक्कर घेतली आणि जिंकले. कंपनीचं मोल त्या बोलीत 1.3 अब्ज युरोंच्या घरात गेलं. विचार चुकीचा नव्हता. गिअरबॉक्स जगभर टंचाईचे होते, आणि समुद्रातल्या मोठ्या चक्क्यांचं तंत्र रीपॉवरकडे होतं. गुजराती कापड व्यापाऱ्यानं युरोपातलं तंत्रज्ञान विकत घ्यावं, याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

घात झाला तो पैशाच्या जातीमुळे. ही सगळी खरेदी मोठ्या कर्जावर होती. जर्मन कायद्यामुळे पूर्ण मालकी हाती येईपर्यंत रीपॉवरची रोकड आणि तंत्र मुक्तपणे वापरता येईना, आणि पूर्ण मालकी यायला 2011 उजाडलं. दरम्यान अमेरिकेत विकलेल्या काही चक्क्यांच्या पात्यांना तडे गेले, ती दुरुस्त करून द्यावी लागली. त्याच वर्षी, 2008 मध्ये, जगाचा पैसाच आटला. ऑर्डरी थांबल्या, व्याज थांबलं नाही. ऑक्टोबर 2012 मध्ये 20 कोटी डॉलरहून जास्त रकमेच्या परकीय चलनातल्या रोख्यांची परतफेड कंपनीला करता आली नाही. 2013 मध्ये बँकांनी सुमारे साडेनऊ हजार कोटींच्या कर्जाची फेररचना केली. हॅन्सनमधला वाटा विकून झालाच होता. 2015 मध्ये रीपॉवर, तेव्हाची सेन्व्हियन, एक अब्ज युरोंना विकावी लागली. त्याच वर्षी सन फार्माच्या दिलीप संघवींनी 1,800 कोटी घातले. 2019 मध्ये पुन्हा रोखे थकले, 2020 मध्ये पुन्हा फेररचना.

इथे बहुतेक लोक ‘अतिमहत्त्वाकांक्षा नडली’ म्हणून थांबतात. मला ते अपुरं वाटतं. महत्त्वाकांक्षेला मी दोष देणार नाही. दोष मुदतीचा होता. फळ द्यायला दहा-पंधरा वर्षं घेणारी खरेदी पाच वर्षांत फेडायच्या पैशानं केली, आणि कर्ज एका चलनात, कमाई बरीचशी दुसऱ्या चलनात. हे वाक्य तुझ्या टेबलापुढे लावून ठेव म्हटलं तरी चालेल: कर्जाची मुदत मालमत्तेच्या कमाईच्या मुदतीशी जुळली पाहिजे.

आणि तांतींची दुसरी बाजूही बघ. या सगळ्या पडझडीत ते निघून गेले नाहीत. मधल्या कठीण वर्षांतही देशभरातल्या हजारो चक्क्यांची देखभाल चालू राहिली, आणि त्या सेवेच्या उत्पन्नावर कंपनी तगली. जी गोष्ट सुरुवातीला गिराइकाची काळजी म्हणून अंगावर घेतली होती, तीच शेवटी आधार झाली. 1 ऑक्टोबर 2022 रोजी, 1,200 कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणारी विक्री, उघडायला दहा दिवस असताना, अहमदाबादहून पुण्याला येताना हृदयविकारानं ते गेले. वय 64. इश्यू ठरल्याप्रमाणे पार पडला, भाऊ विनोद तांतींनी सूत्रं घेतली, पुढच्या वर्षी दोन हजार कोटींचं भांडवल उभं राहिलं आणि कंपनी कर्जाच्या डोंगराखालून बाहेर आली. तो दिवस बघायला ते नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं.

तांतींसारखा मार्ग एकच आहे असं समजू नकोस. सुमंत सिन्हा बँकिंग आणि आदित्य बिर्ला समूह करून आले, काही काळ सुझलॉन चालवली आणि 2011 मध्ये रिन्यू पॉवर काढली. त्यांनी यंत्र विकलं नाही. यंत्र विकत घेऊन वीज विकली. सुरुवातीलाच गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेचं भांडवल आणलं, आणि 2021 मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारावर नेली. तिकडे बेंगळुरूत हरीश हांडे यांनी सुझलॉनच्याच वर्षी, 1995 मध्ये, सेल्को काढली. झोपडीतल्या दोन सौर दिव्यांसाठी ग्रामीण बँकांना कर्ज द्यायला लावलं. शेंगदाणा विकून पैसा येतो त्या महिन्यात शेतकऱ्याचा हप्ता, फेरीवाल्याचा हप्ता रोजच्या रोज. 2011 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. तीन माणसं, तीन आकारांचे धंदे. पण तिघांनीही आधी पैशाचा प्रवाह समजून घेतला, मग वीज.

जमिनीबद्दल जरा विस्तारानं लिहितो, कारण अभियंते इथेच घाई करतात. ‘लँड टीम बघेल’ असं म्हणून मोकळी होऊ नकोस. सातबारा स्वतः वाचायला शीक. वरची नावं सगळेच वाचतात; तू ‘इतर हक्क’ वाच. तिथे कुळाचं नाव निघतं, बँकेचा बोजा निघतो, बहिणीचा हक्क निघतो, शेजाऱ्याची वाट निघते. भोगवटादार वर्ग 2 दिसलं की समजायचं, परवानगीशिवाय हस्तांतर नाही. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर कायदा आणखी कडक आहे, आणि तसाच असायला हवा. फेरफार मागे मागे वाचत जा, म्हणजे कुटुंबात वाटणी कधी झाली आणि कोणाला राग आहे तेही कळतं. मुंबईला गेलेला तिसरा भाऊ सहीला येत नाही, एवढ्यानं चाळीस मेगावॅट अडलेले मी पाहिले आहेत.

आणि कागदावर जे ‘पडीक’ किंवा ‘गायरान’ लिहिलेलं असतं, तिथे एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मे महिन्यात जाऊन उभी राहा. धनगराची मेंढरं दिसतील, सरपणाला आलेल्या बायका दिसतील, देवाचा एखादा शेंदूर लावलेला तांदळा दिसेल. तुझ्या नकाशात ती जागा रिकामी आहे. गावाच्या जगण्यात नाही. वीज स्वच्छ असली म्हणजे तिच्यासाठी झालेलं सगळं आपोआप न्याय्य होत नाही. हे महाराष्ट्रानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे. मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या जलविद्युत धरणाविरुद्ध 1921 मध्ये मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढाकारानं सत्याग्रह केला. तीही पाण्यावरची, धूर न करणारी वीजच होती, आणि ती मुंबईला जाणार होती. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. तू पुण्याहून ताम्हिणीकडे जातेस तेव्हा रस्त्याच्या कडेला तेच पाणी दिसतं.

माझा कल जिथे जमेल तिथे खरेदीपेक्षा भाडेपट्ट्याकडे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ ठेवली आहे. कोरडवाहू माळावर हे उत्पन्न लहान नाही, जमीन नावावर राहते, आणि मालक गावातच असल्यामुळे तुझ्या तारा चोरीला जाण्याची शक्यताही कमी होते. शिवाय त्याच गावाच्या पंपांना दिवसा वीज मिळते. रात्री दोनला उठून बिबट्याच्या भीतीत दारं धरणाऱ्या माणसाला हे काय वाटतं, ते त्यालाच विचार. या धंद्यावर माझं प्रेम आहे ते अशा कारणांसाठी.

पक्ष्यांचंही तेच. राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकाच्या अधिवासात तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये दिला आणि मोठमोठे प्रकल्प अडकले. 2024 मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. कंपन्यांनी खर्चाची ओरड केली. पण नान्नजच्या माळावर एकेकाळी दिसणारा तो पक्षी आपल्या डोळ्यांदेखत कसा संपत गेला हे सोलापूरकरांना विचार. पक्ष्याचा मार्ग कुठे आहे हे वाहिनी आखण्याआधी विचारलं तर खर्च थोडा येतो. न्यायालयानं विचारल्यावर तो फार मोठा होतो.

आता वसुली. वीज तयार झाली म्हणजे पैसे मिळाले, असं नव्या माणसाला वाटतं. 2019 मध्ये आंध्र प्रदेशात सरकार बदललं आणि आधीच सह्या झालेल्या वारा-सौर करारांचे दर कमी करायची मोहीम सुरू झाली. उत्पादक उच्च न्यायालयात गेले. अंतिम निकाल त्यांच्या बाजूनं, कराराचाच दर द्या असा, लागला मार्च 2022 मध्ये. तोवर ज्यांच्याकडे गंगाजळी होती ते तगले. मी ज्या कंपनीचे हिशोब सांभाळत होतो, तिचेही पैसे एका राज्याच्या वितरण कंपनीनं वर्षाहून जास्त थकवले होते. त्या काळात पगार वेळेवर झाले ते केवळ आधीच्या चांगल्या वर्षांत लाभांश न वाटता बाजूला ठेवलेल्या रकमेमुळे. जून 2022 मध्ये केंद्रानं थकबाकीचे नियम आणले. जुनी देणी हप्त्यांनी फेडा, नाहीतर बाजारातून वीज मिळणं बंद. त्यानं खूप फरक पडला. तरीही करारातलं उशिरा भरण्याचं कलम आणि पतपत्राचं, म्हणजे पैसे बुडू नयेत म्हणून बँकेनं दिलेल्या हमीचं, कलम तू शब्दन् शब्द वाचलं पाहिजेस.

याच्या आधी एक काम कर. महिन्याच्या सुरुवातीला सबस्टेशनवर जॉइंट मीटर रीडिंग होतं, तिथे जाऊन उभी राहा. मुख्य मीटर आणि चेक मीटर यांचे आकडे, सीलचे नंबर, गुणक, रात्री प्रकल्पानं उलट ग्रिडमधून ओढलेली वीज, वजाबाकी, दोन्ही बाजूंच्या सह्या. मग तो कागद कुठल्या कार्यालयात जातो, किती टेबलं फिरतो, कोणत्या कारणानं परत येतो, बिल कधी लागतं आणि बँकेत पैसे कधी पडतात, हे एका महिन्याच्या विजेसाठी शेवटपर्यंत माग काढत बघ. एक आकडा खोडून लिहिला म्हणून अख्खं बिल परत आलेलं दिसेल. कंपनी चालवायची तयारी म्हणून यापेक्षा चांगला अभ्यासक्रम मला माहीत नाही.

यंत्राच्या जोखमीबद्दल तुला मी काय शिकवणार! वाऱ्याबद्दल एवढंच लक्षात ठेव, की ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वाऱ्याचा वेग दहा टक्क्यांनी कमी निघाला तर ऊर्जा 27 टक्क्यांनी घटते. म्हणून वारा मोजण्यात काटकसर करणाऱ्या भागीदारापासून लांब राहा.

लिलावात हरायची हिंमत मात्र शिकून घ्यावी लागते. 2015 च्या नोव्हेंबरात सनएडिसन या अमेरिकी कंपनीनं आंध्रातले 500 मेगावॅट 4 रुपये 63 पैशांच्या बोलीवर जिंकले, सगळीकडे नाव झालं. एप्रिल 2016 मध्ये कर्जाखाली दबून तिनं अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. वाऱ्याचे दरही असेच पाहता पाहता उतरले: फेब्रुवारी 2017 च्या पहिल्या लिलावात 3 रुपये 46 पैसे, त्याच डिसेंबरात गुजरातेत 2 रुपये 43 पैसे. एवढ्या खाली बोली लावताना आपण कुठे थांबणार हा आकडा बोलीच्या आदल्या दिवशी संचालकांसमोर लिहून ठेवायचा आणि मध्यरात्री कोणी कितीही पेटलं तरी बदलायचा नाही. तुझ्या हाताखालची तरुण मुलं नाराज होतील. होऊ देत.

तुझी पिढी ज्या काळात नेतृत्व करेल त्यात प्रश्नही बदलतील. जानेवारी 2025 मध्ये देशाची सौर क्षमता 100 गिगावॅटच्या पुढे गेली. आता दुपारी वीज उतू जाते आणि संध्याकाळी सात वाजता तिला भाव येतो. राजस्थानात दुपारी प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगितलं जातं, कारण वाहून न्यायला वाहिनी नाही. तेव्हा ‘किती युनिट’ इतकंच ‘कोणत्या वेळेचं युनिट’ महत्त्वाचं झालं आहे. बॅटरीसाठी परदेशी जाण्याचा तुझा विचार त्या दृष्टीनं चांगला आहे, पण रसायनशास्त्रात पारंगत होण्यापेक्षा बॅटरीच्या पैशाचं गणित शीक: ती किती वेळा भरली-उपसली की किती झिजते, दहाव्या वर्षी बदलायचा खर्च कोणाच्या खात्यावर, आणि ती जोखीम बँक कशी मोजते. पश्चिम घाटात उदंचन जलविद्युत (जादा विजेनं पाणी वर चढवायचं आणि हवं तेव्हा खाली सोडून वीज करायची) प्रकल्पांचीही पुन्हा चर्चा सुरू आहे. तिकडे लक्ष ठेव, मुळशी विसरू नकोस.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. एमबीए आत्ता नको. आधी दोन-तीन वर्षं जिथे प्रकल्पांना कर्ज दिलं जातं तिथे काम कर. अक्षय ऊर्जेला कर्ज देणारी सरकारी कंपनी इरेडा, एखादी मोठी बँक, किंवा तुमच्याच कंपनीतला प्रकल्प-वित्त विभाग. पगार कमी झाला तरी चालेल. साइट तुला माहीत आहे, हीच तुझी तिथली किंमत. खुर्चीत बसलेल्यांपैकी फारच थोड्यांनी इन्व्हर्टर रूममधला मे महिना काढलेला असतो. त्यानंतरही एमबीए करावंसं वाटलं तर जरूर कर, तेव्हा तुला वर्गात काय विचारायचं ते माहीत असेल. स्वतःची कंपनी काढायचीच झाली तर वीज विकणारी काढण्याआधी लहान कारखान्यांची छतं घे. चाकण, इचलकरंजी, बुटीबोरी. ग्राहक समोर बसलेला असतो, त्याचं बिल तुला वाचता येतं, आणि चूक झाली तर ती एका छताएवढी असते. तांतींची सुरुवातही एका कारखान्याच्या बिलापासूनच झाली होती.

घरच्यांना लग्नाची घाई आहे, असं तू ओझरतं लिहिलंस. बाबांशी मी बोलेन. त्यांना या धंद्यातली मुदतीची गोष्ट समजावून सांगणं मला जमेल असं वाटतं.

दिवाळीनंतर पुण्याला आलीस की घरी ये. येताना तुमच्या कंपनीचा वार्षिक अहवाल आण. कोणत्या वितरण कंपनीकडून किती येणं आहे आणि त्यातलं सहा महिन्यांहून जुनं किती, हे कोणत्या टिपेत दिलंय ते आधी शोधून ठेव. मीटर रीडिंगचा कागद मिळाला तर त्याची प्रतही आण, आपण दोन्ही समोरासमोर ठेवून वाचू.

तुझा,
काका